आरसी (रिमोट कंट्रोल) कारसाठी ब्रशलेस मोटर निवडताना

आधी केव्ही (दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे) बघू नका, आधी मोटरचा आकार बघा. १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या) कारला ३६५० (३६ मिमी व्यास, ५० मिमी लांबी) पुरते. गाडी जड असेल तर ३६६०. १/८ ला ४२६८ किंवा ४२७४. शाफ्ट ३.१७५ मिमी आहे की ५, हे पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) घेण्याआधीच मोजा.

मग केव्ही. केव्ही गुणिले व्होल्ट म्हणजे बिनलोडचे आरपीएम. ३३०० केव्हीची मोटर पूर्ण चार्ज टूएसवर (दोन सेलची लिपो बॅटरी, ८.४ व्होल्ट) सुमारे २७,७००, थ्रीएसवर (तीन सेल, १२.६) सुमारे ४१,६०० फिरते. बहुतेक मोटरींची मर्यादा ५०,००० च्या आसपास असते, त्यामुळे ४५०० केव्हीला थ्रीएस लावायच्या भानगडीत पडू नका.

नागपुरात खरा प्रश्न उष्णतेचा. मे महिन्यात दुपारी सावलीतच ४५ अंश, त्यात मुरमाचं मैदान. पाच मिनिटं चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर तपासा. ८० अंशांच्या वर गेली तर एक-दोन दात कमी असलेलं पिनियन लावा. नुसता पंखा लावून भागत नाही, हवाच तापलेली असते. जास्त तापलं की चुंबक कायमचे कमजोर होतात, मग थंड करूनही जोर परत येत नाही.

सावकाश, दगडांवरून चालवायची असेल तर सेन्सर्ड (रोटरची जागा कळवणारा सेन्सर असलेली) मोटर घ्या. सेन्सरलेस सुरुवातीला झटके देते. सेन्सर्ड मोटरचा फायदा हवा तर ईएससीही (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) सेन्सर्डच लागतो.

बसवताना एम३ स्क्रूची लांबी तपासा. जास्त लांब स्क्रू आत जाऊन वाइंडिंगला (तारेच्या वेटोळ्यांना) टेकला, तर मोटर गेलीच, बरेचदा सोबत ईएससीही.