पहिलं डेबियन पॅकेज शिकवायला बसण्याआधी

आदल्या दिवशी कोऱ्या मशीनवर पॅकेज (डेबियन या लिनक्स प्रणालीवर प्रोग्राम बसवायची फाइल) एकदा स्वतः बांधून बघा. आपल्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं साठलेल्या लायब्ररी असतात, त्यामुळे बिल्ड-डिपेंड्समध्ये (पॅकेज बांधायला काय काय लागतं त्या यादीत) एखादं नाव लिहायचं राहिलं तरी तिथे कळत नाही. नव्या माणसाकडे मात्र पहिल्याच फटक्यात अडतं, आणि त्याला वाटतं आपलंच चुकलं. सरावाला 'हेलो' पॅकेज घ्या, सोर्स पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. टीमची सोयीची स्क्रिप्ट पहिल्या दिवशी बाहेर काढूच नका. डीपीकेजी-बिल्डपॅकेज ही मूळ कमांड त्यालाच टाइप करू द्या.

डेबियन फोल्डरमधल्या कंट्रोल, चेंजलॉग आणि कॉपीराइट या फाइली वाचल्या की समजतात. खरा वेळ 'रूल्स'साठी, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलीसाठी राखा. हल्ली ती तीन ओळींत आटोपते. २००८ साली डेबहेल्पर ७ मध्ये (डेबहेल्पर म्हणजे पॅकेज बांधायला मदत करणाऱ्या कमांडचा संच) या सगळ्या पायऱ्या ओळीने चालवणारी 'डीएच' कमांड आली. त्याआधी बहुतेकदा प्रत्येक पायरी हाताने लिहावी लागायची. फाइल लांबलचक व्हायची, पण काय चाललंय ते समोर दिसायचं. आता फाइल सुटसुटीत झाली, पण पायऱ्या पडद्याआड गेल्या. म्हणून 'डीएच बायनरी'ला 'नो-अ‍ॅक्ट' हा पर्याय लावा. काहीही न चालवता सगळ्या पायऱ्या ओळीने छापून येतात: ऑटो-कॉन्फिगर, ऑटो-बिल्ड, ऑटो-टेस्ट, ऑटो-इन्स्टॉल आणि पुढच्या. त्याची प्रिंट काढून हातात द्या. एखादी पायरी बदलायची तर तिच्या नावाआधी 'ओव्हरराइड' जोडायचं, हे ती यादी समोर असली की लगेच पटतं.

टॅबचं आधीच सांगा. 'रूल्स'ची तिसरी ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते; स्पेस दिल्या तर मेक (ही फाइल चालवणारा प्रोग्राम) 'मिसिंग सेपरेटर' म्हणत थांबतं. माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीचा यात तासभर गेला, कारण स्क्रीनवर टॅबवाली आणि स्पेसवाली अशा दोन्ही फाइली हुबेहूब सारख्या दिसत होत्या. 'कॅट'ला मोठा 'ए' लावून फाइल बघायला शिकवा, टॅबच्या जागी टोपीचं चिन्ह आणि 'आय' दिसतो.

लिन्टियनच्या (पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या साधनाच्या) तक्रारींपैकी आज कोणत्या सोडायच्या, ते ठरवून या.

शेवटचा अर्धा तास मोकळा ठेवा. तयार झालेली डेब फाइल, म्हणजे बांधलेलं पॅकेज, 'एआर' या कमांडने त्यालाच उघडायला सांगा. आत तीनच गोष्टी निघतात: फक्त २.० लिहिलेली एक छोटी फाइल, पॅकेजच्या माहितीचा टार (फाइलींचा गठ्ठा), आणि सिस्टमवर जाऊन बसणाऱ्या फाइलींचा टार. तो दुसरा टार सोडवून त्याने बांधलेला 'हेलो' तिथूनच चालवू द्या.