जर्मनीत नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्यासाठी
घरात राहायला गेल्यावर १४ दिवसांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा, आणि त्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या दारी जाऊन आपली ओळख करून द्यावी, कारण हा पुढाकार नव्याने आलेल्यांनीच घ्यावा, अशी तिथली रीत आहे.

दोघांपैकी ज्याला अजून नोकरी नाही, बहुधा पत्नीला, एकटेपणा अधिक जाणवतो. म्हणून तिने लगेच फोल्क्सहोखशूले या प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्रात जर्मन भाषेचा वर्ग सुरू करावा. तिथे भेटणारी देशोदेशीची सहाध्यायी मंडळी मला भाषेइतकीच मोलाची वाटतात. पुढे गायन, गिर्यारोहण किंवा बुद्धिबळाच्या एखाद्या 'फेराइन'चे, म्हणजे नोंदणीकृत मंडळाचे, दोघांनीही सभासद व्हावे, कारण तिथली मैत्री नियमित भेटींतून सावकाश मुरते. मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाला जरूर जावे, पण प्रत्येक शनिवार-रविवार मराठी घरांतच घालवू नये. आपल्या वाढदिवसाला कार्यालयात केक आपणच न्यावा.