अपघाताच्या दाव्यात आकडा कुठे ठरतो: ज्युनिअर वकिलांसाठी

सनद घेऊन मोटार अपघात दाव्यांच्या कामात उतरलेल्या ज्युनिअरला सुरुवातीला वाटतं, सगळी लढाई चूक कोणाची यावरच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालच्या अर्जात निष्काळजीपणा दाखवावा लागतो, हे खरं. पण फौजदारी खटल्यासारखा तो निःसंशय सिद्ध करायचा नसतो. शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरतं. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोषारोपपत्र आणि एखादा प्रत्यक्षदर्शी, एवढ्यावर बऱ्याच प्रकरणांत हा मुद्दा निघून जातो. भरपाई कमी पडते ती उत्पन्न आणि अपंगत्व यांच्या पुराव्यात. माझा बहुतेक वेळ त्यातच जातो, म्हणून तेच सविस्तर सांगते.

मृत्यूच्या दाव्याचं गणित २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी जवळपास बांधून दिलं आहे. समजा मृत माणूस ३४ वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिना १८,००० रुपये मिळकत. मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे: २५,२००. अवलंबून चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: १८,९००. वर्षाचे २,२६,८००. या वयाला गुणक (वर्षाच्या रकमेला वयानुसार गुणायचा आकडा) १६, म्हणजे ३६,२८,८००. अंत्यसंस्कार, सहवासाची हानी वगैरे ठरीव रकमा वेगळ्या.

आता समजा उत्पन्नाचा कागदच नाही आणि न्यायाधिकरणाने, म्हणजे हे दावे चालवणाऱ्या न्यायालयाने, अंदाजाने महिना १०,००० धरले. तेच गणित २०,१६,००० वर थांबतं. महिन्याच्या आठ हजारांचा फरक शेवटी सोळा लाखांवर जातो. युक्तिवादात कितीही जोर लावा, ही दरी भरून निघत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत अपघाताची कहाणी ऐकून घ्या, पण मग माणूस नेमकं काय करायचा ते खोदून विचारा. पगारदाराचं सोपं आहे. तिथेही नुसता पगाराचा दाखला दाखल करून भागत नाही, तो सिद्ध करायला कार्यालयातला माणूस हजेरीपट आणि पगारपत्रक घेऊन साक्षीला यावा लागतो. खरी कसोटी प्लंबर, शिंपी, फळविक्रेता यांच्या घरच्यांसमोर लागते. ‘कागद काही नाहीत हो’ हे पहिलं उत्तर. ते मान्य करू नका. बँकेचं पासबुक, मोबाइलवर आलेल्या पैशांची नोंद, कर्जाच्या अर्जात लिहिलेलं उत्पन्न, नेहमीचा ठेकेदार, मुलांच्या फीच्या पावत्या, काहीतरी निघतंच. अपघातानंतर घाईने भरलेलं प्राप्तिकर विवरणपत्र मात्र पुरावा म्हणून पुढे करू नका. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत पहिला हात त्यालाच घालतो, आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांवरही संशय येतो.

जखमीच्या दाव्यात अडचण वेगळी. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के दिसले की ज्युनिअर थेट उत्पन्नाचे ४० टक्के काढून मोकळा होतो. आधी बघा, ते टक्के एका पायाचे की संपूर्ण शरीराचे. त्यापुढचा प्रश्न आणखी महत्त्वाचा: कमावण्याची ताकद किती गेली? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात याचं उत्तम विवेचन आहे. डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हर कमाईला जवळजवळ शंभर टक्के मुकतो. सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. हा निकाल सारांशात नको, मुळातून वाचा.

डॉक्टरची साक्ष घेताना हेच धोरण ठेवा. हाड कुठे मोडलं, प्लेट कुठे टाकली हे कागदावर असतंच. त्यांना विचारा: हा माणूस उकिडवा बसू शकतो का, जिना चढू शकतो का, वजन उचलू शकतो का? डॉक्टर वेळ काढून आलेले असतात, कंटाळलेले असतात. प्रश्न आदल्या रात्री लिहून ठेवलेले असले तर दहा मिनिटांत काम होतं. आणखी एक, जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही. मृत्यूच्या दाव्याचा साचा चिकटवताना ती हमखास आत शिरते.

मुदतीचं थोडक्यात. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) खाली अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण नव्या प्रकरणात त्या भरवशावर बसू नका. ठोकरणारं वाहन सापडलंच नसेल तर रस्ता वेगळा: हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात, आणि तो अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे जातो.

विमा कंपनीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली की परवाना, परमिट, फिटनेस हे आक्षेप ठरलेले. ते पॉलिसीशी ताडून बघा. ड्रायव्हरच्या परवान्यात खोट निघाली म्हणजे दावा बुडाला असं नाही. बऱ्याचदा कंपनीने आधी भरावं आणि मालकाकडून वसूल करावं, असा आदेश होतो.

फीबद्दल कोणी सरळ बोलत नाही, म्हणून मी बोलते. भरपाईत टक्का घेण्याचा करार बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, तरी सुरुवातीलाच कोणीतरी ‘एवढे टक्के, बाकी तुमचे’ म्हणत तुमच्याकडे येईल. दवाखान्याच्या दारात प्रकरणं गोळा करणारे एजंटही भेटतील. त्यांच्याकडून एक प्रकरण घेतलं की दुसरं नाकारता येत नाही. शिवाय त्यांनी आणलेल्या कागदांतला कुठला खरा, याची जबाबदारी सही करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर.

लोकअदालतीत जाण्याआधी वरचं गणित स्वतः मांडून अशिलाला समजावून सांगा. लगेच पैसे मिळण्याचं मोल त्या घराला किती आहे हे त्यांनाच ठरवू द्या, पण पूर्ण आकडा माहीत असताना. निकाल लागल्यावर फाइल बांधून ठेवू नका. अपिलाची मुदत ९० दिवसांची असते. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांची रक्कम बहुधा मुदत ठेवीत जाते; शाळेच्या किंवा औषधाच्या खर्चासाठी ती आधी काढायची तर वेगळा अर्ज लागतो. तो कोणी, कुठे, कोणत्या पावत्या जोडून करायचा, हे निकालाची नक्कल देतानाच मुलांच्या आईला लिहून द्या.