हृदय बदललेल्या पेशंटला पेसमेकरसाठी बेंगळूरला नेताना

आधार, रेशनकार्ड, कपडे, चार्जर हे सांगायला नको. फाइल कितीही जाड असली तरी सगळी घ्या. ठोके मंद झाले ते नव्या हृदयाच्या सायनस नोडमुळे (ठोके सुरू करणारी गाठ) की रिजेक्शनमुळे (शरीर नवं हृदय नाकारतं ते), हे डॉक्टर आधी बघणार, म्हणून शेवटच्या बायोप्सीचा रिपोर्ट वरच ठेवा. फाइलवर 'हृदय बदललेलं आहे, ॲट्रोपिन चालत नाही' असं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, खाली कन्नडातही. नव्या हृदयाला नसा जोडलेल्या नसतात, म्हणून ते औषध ठोके वाढवत नाही. वाटेत कित्तूरला किंवा हावेरीला चक्कर आली, तर तिथल्या कॅज्युअल्टीत हे कोण सांगणार?

आता मुख्य गोष्ट. सकाळी तपासणीचं रक्त दिल्याशिवाय टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून रोज घ्यायची गोळी, घ्यायची नाही. रक्तातली तिची लेव्हल बघायची ती आधीच्या डोसला बारा तास होत आले असताना, पुढच्या डोसच्या आधी. रात्रीच्या बसमध्ये मोबाइलचा गजर वाजतो, आमच्या पेशंटचा, म्हणजे मामांचा हात सवयीने डबीकडे जातो, गोळी पोटात. मागच्या खेपेला हेच झालं आणि लेव्हल फुगलेली आली. म्हणून गजर बंद करा आणि सकाळची गोळी तुमच्या खिशात ठेवा, पेशंटच्या नाही. रक्त दिलं की लगेच द्या, विसरू मात्र नका, डोस चुकवणं त्याहून वाईट. 'उपाशी या' म्हणजे गोळ्याही बंद, असं स्वतःच ठरवू नका, घोटभर पाण्याबरोबर कुठल्या चालतील ते विचारा. पण आधी रक्त! गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या, नेहमीच्याच कंपनीच्या. आणि त्या हातातल्या पिशवीत, डिकीत नाही.

खोकला झाला म्हणून मेडिकलवाल्याकडून क्लॅरिथ्रोमायसिन आणू नका, त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल भलतीच चढते. पपनसही नको. ताप, गळू, दाढेचा ठणका असेल तर निघण्याआधी फोन करून कळवा, लपवू नका. प्रतिकारशक्ती दाबलेली असते, पेसमेकरच्या खिशात, म्हणजे कातडीखाली तो ठेवतात त्या जागेत, पू झाला तर मशीन तारांसकट काढावं लागतं. छातीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा.

तिथे पोचल्यावर बसवणार ते मशीन एमआरआय तपासणीला चालणारं आहे का, एवढं विचारून घ्या. नंतरचं थोडक्यात: जखम कोरडी, त्या बाजूचा हात काही आठवडे खांद्याच्या वर नाही, मोबाइल दुसऱ्या खिशात, मशीनचं कार्ड पाकिटात. पुढची तपासणी लेव्हलच्या तारखेलाच मागून घ्या, एका फेरीत दोन्ही होतं. त्या सकाळीही आधी रक्त, मग गोळी.