घटस्फोटाचा अर्ज मागे घेताना

समेट झाला म्हणून तारखेला जाणं सोडू नका. अर्ज गैरहजेरीत निकाली निघेल, पण समोरच्याचा प्रतिदावा असेल तर तो चालूच राहतो. पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात पुरसीस, म्हणजे न्यायालयाला द्यायचं छोटं लेखी निवेदन, द्या: प्रकरण क्रमांक, दोघांची नावं, ‘आपसांत समेट झाल्याने अर्ज चालवायचा नाही’ एवढा मजकूर, खाली अर्जदाराची सही. जोडीदाराचीही घेतलेली बरी. ओळखपत्र जवळ ठेवा. न्यायाधीश दबाव नाही ना, हे विचारू शकतात.

परस्परसंमतीच्या अर्जात अंतिम हुकुमापूर्वी एकानेही संमती काढून घेतली तरी पुरे.

पोटगीचा वेगळा अर्ज, पोलिसांतली तक्रार याने आपोआप मिटत नाही. लोक इथेच फसतात. हुकुमाची प्रमाणित नक्कल काढून ठेवा.