माणदेशी संवाद वाचताना सोलापूरकर कुठे अडतो? या चुका टाळा

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी हातात घेतली की सोलापूरकराला वाटतं, ही तर आपल्याच बाजूची भाषा, अडायचं काय कारण? पहिली चूक तिथेच होते. शहरातलं मराठी कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दूच्या शेजारात वाढलेलं. ‘काय कराल्लास बे?’ हे सोलापुरातल्या ‘सात रस्ता’ चौकात शोभतं. बार्शीकडे गेलात की मराठवाड्याचा हेल लागतो. माडगूळकरांचा माणदेश मात्र सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सांगोल्यापासून पुढे आटपाडी-दहिवडीच्या अंगाला. आपण ‘जेवायलाय’ म्हणतो, तिकडे ‘जेवतूया’. आपलीच बोली समजून भरभर वाचणारा पुण्याच्या वाचकापेक्षा जास्त फसतो, कारण पुणेकर निदान थांबून विचारतो तरी.

सगळ्यात महाग पडणारी चूक आदराची. (इथली उदाहरणं माझी आहेत, पुस्तकातली नव्हेत.) ‘कवा आलास?’ आणि ‘कवा आलासा?’ यांत फक्त एका कान्याचा फरक. पहिल्यात ‘तू’ आहे, दुसऱ्यात ‘तुम्ही’. ‘करतासा’, ‘जातासा’ ही रूपं मानाची. ‘जेवून जावा’ हेही तसंच. शाळेत प्रमाण मराठी घोटलेल्या डोळ्याला ती ओबडधोबड वाटतात आणि बोलणारा उद्धट आहे असा समज होतो. १९५५ च्या या कादंबरीत एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, आणि समोर केस पिकलेला कारभारी. अशा ठिकाणी कोण कुणाला ‘तू’ म्हणतं नि कोण ‘तुम्ही’, हे निसटलं तर अर्धी गोष्ट निसटली.

‘की’चंही तसंच. ‘बसा की’, ‘हाय की’ यातला ‘की’ म्हणजे ‘किंवा’ नव्हे. तो आग्रह आहे, कधी ‘हे काय विचारणं झालं!’ असा भाव. परीक्षेसाठी संवादांचं प्रमाण मराठी करून वहीत उतरवणाऱ्यांचा हा ‘की’ आधी गळतो. ‘पाऊस न्हाईच की वो’ याचं ‘पाऊस नाही’ केलंत की हवामान खात्याची बातमी उरते.

शब्दकोशात शब्द सापडत नाही, ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा शब्द असतो, आपण चुकीच्या अक्षराखाली शोधतो. शब्द ‘इ’ किंवा ‘ये’ने सुरू होत असेल तर त्या जागी ‘वि’ किंवा ‘वे’ घालून बघा: इचार म्हणजे विचार, इंचू म्हणजे विंचू, येळ म्हणजे वेळ. ‘न’ दिसला तर ‘ण’ आठवा: पानी, कोन. ‘बगा’, ‘आमी’ यांत ‘ह’चा हुंकार गळलेला. ‘पोरास्नी’, ‘आमास्नी’ म्हणजे पोरांना, आम्हांला. आणि न्हाई, न्हाय, नाय हे तीन शब्द नाहीत. बोलीला ठरलेलं लेखन नसतं, लेखक आपापल्या कानाने लिहितो. म्हणून वाक्य मोठ्याने वाचा. निम्मी अडचण तिथेच सुटते.

ओळखीचे शब्द जास्त दगा देतात. ‘वाडा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दगडी चौक येतो. मेंढक्याचा वाडा म्हणजे मेंढरं बसवायची जागा, रानातला त्याचा तळ. कोकरू मेंढीचं, करडू शेळीचं. दोघांना ‘पिल्लू’ म्हणून मोकळं होऊ नका.

निवेदन आणि संवाद एकाच सुरात वाचणं ही आणखी एक खोड. सांगणारा मास्तर शिकलेला आहे. त्याची भाषा आणि वाडीची भाषा यांतलं अंतर लेखकाने मुद्दाम राखलंय.

तरीही अडलात तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढा. त्यात प्रांतिक शब्द बरेच आहेत. त्याहून बरं म्हणजे सांगोल्याकडचा एखादा जाणता गाठा. मात्र सुटा शब्द विचारू नका, आख्खं वाक्य वाचून दाखवा. सुट्या शब्दाचा अर्थ तोही तुम्हाला पुस्तकी मराठीतच सांगेल.