आई-बाबांचा अमेरिकेतला मुक्काम वाढवायचाय? आधी आय-९४ बघा

पासपोर्टवरचा दहा वर्षांचा व्हिसा बघून निवांत राहू नका. तो फक्त दारापर्यंत यायला, आत किती दिवस राहायचं ते एअरपोर्टवरचा ऑफिसर ठरवतो, बी-२ वर (म्हणजे फिरायला, भेटायला येणाऱ्यांचा व्हिसा) बहुतेकदा सहा महिने देतात आणि ती तारीख असते आय-९४ वर, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर. सीबीपीच्या (अमेरिकेचं सीमा आणि कस्टम्स खातं) साइटवर पासपोर्ट नंबर वगैरे टाकला की निघतो. दोघांचा वेगवेगळा काढून बघा, आणि हो, तिकडे महिना आधी लिहितात, ०४/०६ म्हणजे ६ एप्रिल.

वाढीव मुदतीचा फॉर्म आय-५३९, यूएससीआयएसच्या (तिकडचं इमिग्रेशन खातं) साइटवर ऑनलाइन भरता येतो. १ एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन ४२० डॉलर, कागदी ४७०, तरी भरायच्या आधी साइटवर बघून घ्या. नवरा-बायको एकाच अर्जात बसतात. अर्जदार ते आहेत, तुम्ही नाही, त्यामुळे अकाउंट त्यांच्या नावाने काढा. मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी भरा असं यूएससीआयएसच सांगतं.

खरा खेळ कारणाच्या पत्राचा. "अजून थोडं राहावंसं वाटतंय" चालत नाही. बाबांचं गुडघ्याचं दुखणं निघालं असेल तर डॉक्टरचं पत्र, त्यात इतके आठवडे लांबचा प्रवास नको, फॉलो-अप अमुक तारखेला, आणि त्यानंतरच्या तारखेचं परतीचं तिकीट, असं सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. नातवाला सांभाळायला थांबतोय हे कारण मात्र नडतं, आपल्याला ती आजीची माया वाटते, ऑफिसरला फुकटची आया वाटू शकते. खोटं लिहू नका, पण तेवढंच कारण असेल तर माझ्या मते अर्ज न केलेलाच बरा, पुढच्या वेळी एअरपोर्टवर प्रश्न होतात.

सोबत आय-९४, पासपोर्ट (त्याची मुदत शिल्लक हवी), तुमचं बँक स्टेटमेंट आणि पे स्लिपा, शिवाय भारतात परत जायला कारण आहे हे दाखवणारं काहीतरी, पेन्शनचे कागद, फ्लॅटचा इंडेक्स टू, सातबारा. मराठी कागदाला सर्टिफाइड इंग्रजी भाषांतर जोडावंच लागतं.

मग पावती येते, निकालाला कधीकधी महिने लागतात. वेळेत अर्ज केला असेल तर तोवर थांबता येतं, पण नकार आला तर लगेच बॅग भरायची, कारण आय-९४ ची तारीख उलटून नकार आला की तो दहा वर्षांचा व्हिसाही रद्द होतो, आणि त्यानंतर १८० दिवसांहून जास्त राहिलात तर तीन वर्षं बंदी, वर्षाच्या वर गेलं तर दहा. म्हणून अर्जात मागितलेली तारीख आली आणि निकाल नसेल तर सरळ निघा. अर्जाची पावती आणि बोर्डिंग पास जपून ठेवा, पुढच्या वेळी विचारलं तर दाखवायला.

व्हिजिटर इन्शुरन्स संपायच्या आधी वाढवा, नंतर नवीन घेतला तर मधलं दुखणं 'आधीचं' म्हणून क्लेम अडवतात. आणि मुक्काम नोव्हेंबरात गेला तर पेन्शनचा हयातीचा दाखला राहतो, तो भारतीय कॉन्सुलेटमधून मिळतो, फक्त बँकेला कुठला फॉर्म चालतो ते आधी विचारा.